आक्कांना आणायला कोण गेलंय?

शेजारच्या नानांकडे कार्य निघालं की काही गोष्टी ठरलेल्या असायच्या. मांडववाला उशिरा येणार, आचारी भाजीत तेल जास्त ओतणार आणि सिन्नरच्या आक्का रुसणार. पहिल्या दोन गोष्टींवर लोक कुरकुर करायचे. तिसरी झाली नाही, तर मात्र कार्य झाल्यासारखंच वाटायचं नाही.

आक्का म्हणजे नानांची थोरली बहीण. नाना ओझरच्या विमानांच्या कारखान्यात होते. हाताशी चार पैसे आले तसं त्यांनी इंदिरानगरात आमच्या भिंतीला लागून असलेलं रो-हाउस घेतलं आणि त्या घराबरोबर आम्हाला आक्काही मिळाल्या. ठेंगणा बांधा, कपाळावर ठसठशीत कुंकू आणि आवाज असा की सिन्नरच्या स्टँडवर बोलल्या तर नाशकाच्या गाडीतला कंडक्टर बेल मारायचा थांबेल. पण हा आवाज एरवीचा. रुसल्या की आक्का अगदी हळू बोलायच्या. त्यांचा आवाज खाली आला की नानांच्या घरात धावाधाव सुरू व्हायची.

वास्तुशांतीच्या दिवशी आमची अजून नीट ओळखही झाली नव्हती. दाराशी एक बाई आल्या. हातात पिशवी, अंगावर कोऱ्या घडीची साडी. "जरा टेकू का हो?" म्हणाल्या आणि आम्ही हो म्हणायच्या आत सरळ मागच्या खोलीत जाऊन पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसल्या. माझी बायको सुनंदा पाणी घेऊन गेली.

"पाणी नगं. मी काय खायला-प्यायला आले नाय."

"काय झालं पण?"

"काय व्हायचंय? आम्हाला कोण इचारतंय!"

झालं होतं ते असं. सासरी नांदणाऱ्या लेकीला कार्याला आणायचं, तर माहेरचं माणूस तिला न्यायला जातं. त्याला मुराळी म्हणतात. मुराळ्यानं घरात यायचं, चहापाणी घ्यायचं, लेकीनं दोनदा 'मला नाही जमायचं' म्हणायचं, त्यानं तीनदा 'असं कसं' म्हणायचं आणि मग ती पिशवी भरते. पिशवी आदल्या दिवशीच भरलेली असते, ते सोडा. नानांनी मुराळी म्हणून आपल्या मुलाला, सुहासला पाठवलं होतं. सुहास तेव्हा कॉलेजात. तो मोटरसायकलवरनं उतरलाच नाही. दारासमोर उभा राहून त्यानं हॉर्न वाजवला.

"हॉर्न वाजवून नेतात का लेकीला?" आक्का भिंतीला म्हणाल्या. "मी काय दुधाची किटली हाय?"

मग फेऱ्या सुरू झाल्या. आधी नानांच्या बायको, लतावहिनी आल्या. त्यांना उत्तर मिळालं, "तू जा बाई, तुला कामं असतील." मग नात्यातल्या बायका घोळक्यानं आल्या. त्यांना सांगितलं गेलं की पित्त झालंय. मग, पानं वाढून झाल्यावर, खांद्यावर टॉवेल टाकून स्वतः नाना आले. एवढा कारखान्यातला फोरमन माणूस, पलंगाशेजारी फरशीवर मांडी घालून बसला.

"आक्का, पानं वाढलीत."

"वाढू दे."

"तू आल्याबिगर मी बसत नाय."

"नको बसू."

"बरं," नाना म्हणाले आणि बसून राहिले. थोड्या वेळानं आक्कांनी मान जराशी वळवली. "साखरेची गोळी घेतली का सकाळची?"

"घेतली."

"गोळी घेऊन उपाशी बसलाय येडा! चक्कर येऊन पडशील नि नाव माझं होईल. ऊठ आधी." असं म्हणून त्यांनी नानांना दंडाला धरून उठवलं आणि पंगतीत नेऊन बसवलं. बघणाऱ्याला वाटावं, रुसले होते ते नानाच आणि समजूत काढली ती आक्कांनी.

या सगळ्या वेळात आक्कांचे यजमान, दाजी, पहिल्या पंगतीला जेवून मांडवात सुपारी कातरत होते. सिन्नरला त्यांचं किराणा दुकान. शांत माणूस. मी काळजीनं म्हटलं, "दाजी, आक्का जेवायला नाही म्हणताहेत." दाजी म्हणाले, "हां, चालायचंच. जिलबी बरी जमलीय, खाल्ली का?" पुढं ओळख वाढल्यावर त्यांनी आपलं धोरण सांगितलं. "ती माहेरी रुसती, त्यात मी पडत नाय. मी सासरी रुसून बघितलं एकदा. कुणाच्या ध्यानातच आलं नाय."

तेव्हापासून आमची मागची खोली आक्कांची झाली. भावाच्या घरात पाहुण्यांची दाटी, तिथं रुसलं तर कळायचं कुणाला? आणि फार लांब जाऊन रुसावं तर सापडायचं कसं? आमची खोली दोन्ही दृष्टींनी सोयीची. सुनंदा त्यांना गुपचूप चहा द्यायची. रुसव्याला चहा चालतो, असं आक्कांचं शास्त्र होतं. बिस्कीट चालत नसे. खारी चालायची, कारण "ती काय खाल्ल्यात जमा नाय."

रुसायला कारण काय, हे विचारणं म्हणजे खुंटी कुठल्या लाकडाची हे विचारणं; टांगायला कुठलीही चालते. पत्रिकेत दाजींचं नाव खालच्या ओळीत गेलं. औक्षणाचं तबक आधी दुसऱ्याच बाईच्या हातात दिलं. मानाची साडी 'चॉकलेटी' निघाली. फोटोत निम्मा चेहरा खांबाआड गेला. एकदा तर आमच्या कॉलनीच्या गणपतीच्या महाप्रसादाला आक्का सहज भावाकडे आल्या होत्या. तिथं कुणीतरी माइकवरून 'कॉलनीतल्या सर्व भगिनींनी' असं म्हटलं. आक्का कॉलनीतल्या नव्हत्या, म्हणून रुसल्या. अध्यक्षांना आमच्या मागच्या खोलीत येऊन हात जोडावे लागले. ते निवडणुकीतही इतके वाकले नव्हते.

आता हे ऐकून कुणाला वाटेल, काय ही कटकट. मलाही सुरुवातीला वाटायची. पण मी आयुष्यभर विम्याच्या पॉलिस्या विकल्या. माणसाचं पहिलं 'नाही' म्हणजे बोलणं सुरू करायची रीत, हे धंद्यानं मला शिकवलेलं. हळूहळू ध्यानात आलं, खरं कार्य मांडवात नसतंच, ते आमच्या मागच्या खोलीत असतं. आक्का रुसल्या की सगळ्या बायकांना भांड्यांमधून उठायला सबब मिळायची. एकमेकींशी वर्षानुवर्षं न बोलणाऱ्या जावा 'आक्कांचं काहीतरी बघा बाई' म्हणत तोंडं उघडायच्या. पलंगावर आक्का, पलंगाभोवती बारा गावच्या पाहुण्या, त्यात कुणाची सून कशी, कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन कुठं, सगळी खबरबात. मधूनमधून कुणीतरी 'चला हो आक्का' म्हणायचं आणि आक्का 'मला नगं' म्हणायच्या, की पुन्हा गप्पा सुरू. खरं सांगतो, इतकी मजा मला पुढं कुठल्याच पाचशे पानांच्या रिसेप्शनला आली नाही.

बरं, स्वतः आक्का दुसऱ्याचं 'नाही' कधी ऐकून घ्यायच्या, असं समजू नका. त्यांच्याकडे सिन्नरला गेलात आणि 'जेवून आलोय' म्हणालात, तर 'हो का, बरं' म्हणत त्या पीठ मळायला घ्यायच्या. निघतो म्हणालात की चप्पल सापडायची नाही. मी एकदा पायात दाजींची स्लीपर घालून नाशिकला आलोय. 'नको' हा शब्द पाहुण्याच्या तोंडी शोभतो आणि घरच्याच्या कानी पडू नये, एवढा साधा हिशेब होता त्यांचा.

सुहासचा साखरपुडा ठरला, तेव्हा लतावहिनींनी निश्चय केला. या खेपेला आक्कांना रुसायला जागाच ठेवायची नाही. मुराळी म्हणून त्या जातीनं सिन्नरला गेल्या, घरात बसल्या, चहा प्याल्या, अगदी रीतसर पाच वेळा 'असं कसं' म्हणाल्या. साडी आक्कांनीच दुकानात जाऊन निवडली. औक्षणाचा पहिला मान आक्कांना, फोटोत मधली खुर्ची आक्कांना, चहा आक्कांना आधी आणि मग नवरदेवाला.

दुपारपर्यंत आक्कांची अवस्था बघवेना. मांडवातून स्वयंपाकाकडे, स्वयंपाकाकडून मांडवात. कोशिंबीर चाखली, ती चांगली निघाली. एकदा आमच्या मागच्या खोलीत येऊन नुसत्याच पलंगावर बसल्या, कारण नाही म्हणून पुन्हा उठून गेल्या. सुनंदानं विचारलं, "कसं चाललंय आक्का?" तर जड आवाजात म्हणाल्या, "समदं ठीकच हाय म्हणायचं."

नाना लांबून हे बघत होते. पंगत बसायची वेळ आली. मधलं पान आक्कांचं, रांगोळी काढलेलं. नाना पुढं झाले, त्याच पानाकडे हात केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "विहीणबाई, तुम्ही बसा हितं. मानाचं पान तुमचं."

आक्कांचा चेहरा असा काही खुलला म्हणता! पदर खोचून त्या ताडताड आमच्याकडे निघाल्या. खोलीत शिरताशिरता सुनंदाला म्हणाल्या, "बघितलंस? भाऊ म्हणं भाऊ!" आणि आनंदानं भिंतीकडे तोंड करून बसल्या. लतावहिनी रडकुंडीला आल्या. "अहो, सगळं नीट चाललं होतं ना!" त्यावर नाना म्हणाले, "नीट चाललं होतं गं. पण बहीण आल्यासारखी वाटंना." मग नेहमीसारखा टॉवेल खांद्यावर टाकून ते फरशीवर बसायला आले.

सुहासच्या लग्नात तर मुलीच्या बाजूची एक मावशी, निफाडची, आक्कांच्याच तोलामोलाची निघाली. तिला हळदीला आधी हाक मारली नव्हती. कुणीतरी शहाण्यानं तिलाही आमच्याच खोलीत आणून सोडलं. एका पलंगावर दोघी, एक या भिंतीकडे तोंड करून, एक त्या. समजूत काढायला येणारे लोक दाराशीच अडायचे, आधी कुणाच्या पाया पडावं कळेना. शेवटी त्या दोघींनीच एकमेकींची कारणं विचारली, एकमेकींना सहानुभूती दिली आणि हातात हात घालून जेवायला गेल्या. दाराशी मात्र 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत बराच वेळ अडकल्या.

मग काही वर्षांनी आधी लतावहिनी वारल्या आणि त्यांच्यामागं नाना. सुहासनं गंगापूर रोडला मोठ्या टॉवरमध्ये फ्लॅट घेतला आणि रो-हाउस भाड्यानं दिलं. आता घरातली कार्यं सुहासची बायको मीनल करते. मीनल एका कंपनीत माणसांचं खातं सांभाळते. कुणाशी कसं बोलावं याचं ती लोकांना प्रशिक्षण देते. स्वभावानं गोड, कधी आवाज चढवणार नाही. वाईट असती तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. आक्कांबद्दल ती एकदा सुनंदाला म्हणाली होती, "काकू, त्यांना फक्त अटेन्शन हवं असतं." सुनंदा म्हणाली, "मग? तुला काय हवं असतं?" मीनल हसली. असल्या प्रश्नाला हसायचं, असं प्रशिक्षणात शिकवत असावेत.

यंदा या सुहास-मीनलच्या मुलीचा साखरपुडा ठरला. गंगापूर धरणाच्या बाजूला एका रिसॉर्टवर. निमंत्रण आलं ते 'आपली माणसं' नावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. नाचणारा गणपती, सनईचं संगीत आणि खाली मीनलचा प्रश्न: कोण कोण येणार? येणार, येणार नाही, नक्की नाही. यातल्या एकावर बोट ठेवायचं. आम्ही 'येणार'वर ठेवलं. दाजींनीही 'येणार'वर ठेवलं.

आक्कांनी 'येणार नाही'वर ठेवलं.

ग्रुपवरच्या सगळ्या माणसांत एकटं ते 'नाही'. जुना माणूस असता तर ते बघून त्याची झोप उडाली असती. गाडी काढा, सिन्नरला जा, काय चुकलं विचारा. मीनलनं खाली लिहिलं, 'नो प्रॉब्लेम आत्या! तब्येतीची काळजी घ्या' आणि हात जोडल्याचं चित्र टाकलं. आचाऱ्याला एक ताट कमी सांगितलं गेलं असणार.

काही दिवसांनी दाजींचा मला फोन. आवाज अगदी दबका. "तुमच्या तिकडून कुणी येतंय का हिला न्यायला?"

"सुहासला विचारलं का?"

"मी कसा इचारू? जावयानं सांगून मुराळी येतो का कुठं? हिनं साडीला फॉल लावून ठेवलाय. दुपारच्याला वट्ट्यावर बसती. गाडी थांबली की आत जाऊन बसती, रुसल्यागत. गाडी दुसऱ्याचीच असती."

मी सुहासला फोन केला. तो म्हणाला, "काका, मी आत्याला ग्रुपवर पर्सनली विचारलंय." ग्रुपवर पर्सनली म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. "ती नाही म्हणाली. तिच्या निर्णयाचा आपण आदर करायला नको का?" मी म्हटलं, "अरे, तुझ्या बापानं तिच्या एकाही निर्णयाचा कधी आदर केला नाही, म्हणून ती चाळीस वर्षं येत राहिली." सुहास म्हणाला, "ते वेगळं होतं हो."

साखरपुड्याच्या दिवशी सकाळी आम्ही तयार होऊन निघणार, तेवढ्यात बेल वाजली. दारात आक्का. मोरपंखी साडी, अंबाड्यावर गजरा. मागं पिशवी घेऊन दाजी. एसटीनं नाशकाच्या द्वारका चौकापर्यंत आणि तिथून रिक्षानं आले होते. "जरा टेकते," आक्का म्हणाल्या आणि मागच्या खोलीत जाऊन पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसल्या.

दाजी माझ्या कानाशी आले. "म्हणली, सिन्नर लांब पडत असंल पोरांना. जवळ जाऊन बसते."

मला गलबलून आलं आणि हसूही आलं. मी सुहासला फोन लावला. कान गेल्यापासून माझा फोन मोठ्यानंच बोलतो. पलीकडं गाणी वाजत होती.

"आत्या आली? अरे वा, ग्रेट! मग तुमच्याबरोबरच घेऊन या ना काका."

"तसं नाही रे. तुला यायला पाहिजे. पटकन येऊन जा, मी इथंच थांबतो."

"काका, इथं ड्रोनवाला आलाय. मुलाकडचे पोहोचतायत."

"मग मीनलला पाठव. कुणालाही पाठव, पण घरचं."

"ती मेकअपला बसलीय हो. थांबा, मी लोकेशन टाकतो."

टुण्ण वाजलं. लोकेशन आलं.

मी खोलीच्या दाराशी गेलो. सुनंदा आक्कांच्या पायाशी बसली होती. "आक्का, आमच्यासाठी चला ना," म्हणत होती. आक्कांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "तुमचं काय गं. तुम्ही शेजारी. तुम्ही तर रोजच बोलावता."

मग मला म्हणाल्या, "काय टाकतो म्हणला सुहास?"

"लोकेशन."

"म्हंजी?"

"म्हणजे, तिथं कसं यायचं ते कळतं."

"आपलं आपण?"

मी मान हलवली. सुहासचा इतका राग मला आयुष्यात आला नव्हता. आक्कांनी भिंतीकडे एकदा बघून घेतलं. मग उठल्या, मोरीत जाऊन तोंड धुतलं, आरशासमोर पुन्हा कुंकू लावलं आणि पदर सारखा केला. "चला," म्हणाल्या.

तेव्हा दाजी, जे उभ्या आयुष्यात कधी या प्रकरणात पडले नाहीत, ते दारात आडवे उभे राहिले. "बस की आणखी थोडं," ते म्हणाले. "एवढी काय घाई हाय तुला?"

"नगं," आक्का म्हणाल्या. "पंगत उठायची."

रिसॉर्टवर पंगत नव्हतीच. फुलांची कमान होती, माइकवर विनोद करणारा एक पोरगा होता आणि डोक्यावर तो ड्रोन भणभणत होता. मीनलनं आम्हाला बघितलं आणि ती खरंच आनंदानं धावत आली. आक्कांना मिठी मारली. "अय्या, आत्या! काय सरप्राइज दिलंत!" चार लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग मीनल लाडानं म्हणाली, "पण तुम्ही तर 'येणार नाही' केलं होतंत ना ग्रुपवर?"

आजूबाजूची माणसं बघायला लागली. मी मनात म्हटलं, आक्का, आता फिरा. माघारी फिरा, मी गाडी चालू करतो, काढा म्हणावं समजूत सगळ्या गावानं येऊन. गाडीची किल्ली माझ्या हातातच होती.

आक्का हसल्या. "चुकून दाबलं गेलं गं," त्या म्हणाल्या. "डोळ्याला दिसत नाय आता नीट."

"तरी मला वाटलंच!" मीनल म्हणाली आणि त्यांना हाताला धरून जेवणाच्या टेबलांकडे घेऊन गेली. रांग बरीच मोठी होती. आक्कांनी एक ताट उचललं, पदरानं पुसलं आणि सगळ्यांच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या.